झोपाळ्याची फळी

बनशंकरी, बेंगळुरू
मंगळवार, १० जून २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. ठीक म्हणजे आम्ही तिघं वेळेवर जेवतो, फक्त जेवताना कुणी कुणाकडे बघत नाही. आईचा गुडघा आहे तसाच आहे. तिने तुझ्यासाठी चकल्या आणि भावोजींसाठी निप्पट्टू केलेत. दुकानातून मंजुनाथ परवा व्हाइटफील्डला एका ऑफिसात टेबलं बसवायला चाललाय, तो डबा तुमच्या गेटवर देऊन जाईल. हे पत्र त्याच पिशवीत ठेवते आहे.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण फोनवर तू ‘हूं’, ‘बघू’ आणि ‘नंतर’ एवढंच बोलतेस, आणि मागे तुझ्या सासूबाईंच्या बांगड्या वाजत असतात. पत्राला मध्येच तोडता येत नाही. वाचायचं नसेल तर घडी घालून ठेवता येतं, पण ते तसंच राहतं, आणि कधीतरी वाचावं लागतंच.

माझी बातमी अशी, की संस्थेतल्या किड्यांच्या संग्रहात मला कायम केलं नाही, पण मुदत वाढवून दिली. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची कपाटं आता माझ्या ताब्यात आहेत. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “कपाटं कसल्या लाकडाची?” मी म्हटलं, लोखंडी आहेत. “मग काय सांगतेस,” म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

हसली असशील तर बरं. आता पलंगाचं लिहिते.

मागच्या शुक्रवारी दुपारी दुकानासमोर टेम्पो थांबला. आत तुझा पलंग होता, गादीशिवाय, कडेवर उभा केलेला. ड्रायव्हरने तो फुटपाथवर उतरवला आणि ‘रिटर्न माल’ म्हणून अण्णांची सही मागितली. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. दुकानात एक नवरा-बायको डायनिंग टेबल बघायला आले होते, ते एकमेकांकडे बघून हळूच निघून गेले. मंजुनाथ म्हणाला, “अण्णा, हा तर आपल्या संयोगिताचा पलंग.” अण्णांनी सही केली आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. आत घे.”

एवढंच. ‘सरी, आत घे.’ मुलीला पलंग बापाने स्वतःच्या हाताने करून द्यायचा, ही आपल्या घरातली रीत. आजोबांनी आत्याला करून दिला, अण्णांनी तुला दिला. त्या पलंगावर अण्णांनी दुसऱ्या कुणाला रंधा मारू दिला नव्हता, मंजुनाथलासुद्धा नाही. आणि तो कुणी फुटपाथवर आणून टाकला, तर ते सही करतात.

संध्याकाळी तुझ्या सासूबाईंचा फोन आला. तू तिथेच असशील, तरी लिहिते, कारण इकडून कसं ऐकू आलं ते तुला माहीत नाही. म्हणाल्या, “सुब्बाराव, उशीवर रोज पिठासारखा भुसा पडतो. भिंतीकडून कुरकुर आवाज येतो. आणि परवा तर ते एवढं मिशाळ जनावर माझ्या पोथीवर येऊन बसलं! तुमच्या धाकटीला सांगा, आपल्या बाटल्या आपल्या घरी ठेव म्हणावं. हळदीकुंकवाला आली होती ती किडे घेऊन, आमचं घर म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे? पंधरा तारखेला, रविवारी या. बसून बोलू.” आणि शेवटी, “तुमचं मराठी गोड आहे हो, ऐकत राहावंसं वाटतं,” असंही म्हणाल्या. अण्णा तोपर्यंत फक्त “हो, हो, सरी,” एवढंच बोलले होते.

भावोजींनी चपलेने मारलेल्या भुंगेऱ्याचा फोटो मला आधीच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘हा तुझा का?’

त्या रात्रीपासून आपल्या घरात एक वाक्य फिरतंय. रविवारी अण्णा, आई आणि मी तुमच्याकडे यायचं, नवीन पलंग द्यायचं कबूल करायचं, आणि मी म्हणायचं: ‘माझ्या बाटलीच्या झाकणाला भोकं होती, त्यातून किडा निसटला, चुकलं माझं.’ आईने ते वाक्य मला दोनदा म्हणून दाखवलं, लहानपणी शुभंकरोती शिकवायची तसं. मी म्हटलं, “आई, हे खोटं आहे.” तर म्हणाली, “एवढं एक वाक्य म्हटलंस तर तुझी डिग्री काय झिजणार आहे?”

हे वाक्य कुणाच्या डोक्यातून आलं, ते मी आईला विचारलं नाही. का विचारलं नाही, ते पुढे लिहिते. जमलं तर.

आधी त्या भुंगेऱ्याचं सांगू दे. त्याच्याबद्दल सगळे बोलतायत, पण तो कोण आहे हे कुणीच विचारलेलं नाही.

त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रोमेशियम बार्बेटम. मराठीत त्याला वेगळं नाव नाही. त्याच्या अळीला मात्र आपले लोक भिरूड म्हणतात, लाकूड पोखरणाऱ्या सगळ्याच अळ्यांना म्हणतात तसं. अण्णा कानडीत नुसतं ‘हुळ’, किडा, म्हणतात. हा जंगलातल्या उभ्या झाडाच्या वाटेला फारसा जात नाही, त्याला वाळलेलं लाकूड लागतं. चौकट, खुर्ची, पेटी, पलंग. मादी पोटाच्या टोकाने लाकडातली फट चाचपते आणि आत अंडी घालते. अळी निघते ती थेट आतच शिरते. पांढरी, मऊ, पाय जवळजवळ नाहीत, फक्त जबडा पक्का. वाळक्या लाकडात खाण्यासारखं फार काही नसतं, म्हणून ती सावकाश वाढते. दोन वर्षं, तीन वर्षं, लाकूड निकस असेल तर त्याहून कितीतरी जास्त. पुढे खात जाते आणि मागचा बोगदा स्वतःच्याच भुश्याने ठासून भरत जाते. बाहेरचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. वरून पॉलिश चकाकत असतं आणि आत पीठ झालेलं असतं. मग कोष, मग भुंगेरा. पावसाळ्याच्या सुमाराला तो लांबट गोल भोक पाडून बाहेर येतो आणि दिव्याकडे उडतो. बाहेरचं त्याचं आयुष्य थोडंसंच. सगळं जगणं आतच झालेलं असतं.

आता तू हिशेब कर. हळदीकुंकू जानेवारीत होतं. माझ्या बाटलीत लिंबाच्या पानावरचा सुरवंट होता, कढीपत्ता आणि लिंबू याशिवाय तो कशाला तोंड लावत नाही. त्याचं पुढे फुलपाखरू झालं आणि मी ते आपल्या गच्चीवरून सोडलं. आणि समजा, बाटलीत भुंगेरा असता, त्याने त्याच दिवशी तुमच्या पलंगात अंडी घातली असती, तरी ती अळी आत्ता कुठे तांदळाएवढी असती. पोथीवर येऊन बसली नसती.

म्हणजे मी सुटले. पण मी सुटले म्हणजे दोष अण्णांच्या लाकडाला लागणार, हे मला दिसत होतं. म्हणून शनिवारी अण्णा मैसूर रोडला लाकूड बघायला गेले तेव्हा मी मंजुनाथला म्हटलं, पलंगाचं डोकं उघडून दे.

“नको पवित्रा. अण्णा मला मारतील.”

“आधी मला मारतील. तू दुसरा.”

“तुंगाक्काला विचारलंस?”

“आईला गुडघा आहे. ती इथवर येत नाही.”

तो हसला आणि पटाशी घेऊन आला. पलंगाचे पाय, बाजूच्या पट्ट्या, तक्त्या सगळ्या मी आधीच तपासल्या होत्या. सागाचा गाभा, एक टाचणीएवढंही भोक नाही. भुसा पडत होता तो फक्त डोक्याकडच्या मधल्या रुंद फळीतून. ती फळी चौकटीच्या खाचेतून बाहेर काढून आम्ही उलटी केली. मागच्या बाजूला पॉलिश पातळ होतं, आणि एका कडेच्या दोन्ही कोपऱ्यांत सागाच्या गोल गुटक्या ठोकून बुजवलेल्या दिसल्या.

“ही कसली भोकं?” मी विचारलं.

मंजुनाथ माझ्याकडे बघायला तयार नव्हता. “कड्यांची. झोपाळा होता तो. तुझ्या अक्काच्या सासरचा.”

तुझ्या लग्नाच्या वेळी मी परीक्षेत होते, म्हणून मला हे कुणी सांगितलं नसेल असं मी धरून चालले. मंजुनाथनेच सगळं सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी पुण्याहून झोपाळा आणला, फ्लॅटच्या छताला कड्या लावायला सोसायटीने नाही म्हटलं, मग त्या फळी घेऊन दुकानात आल्या. “आमच्या मामंजींचा झोपाळा आहे, अस्सल सागवान. पलंगाच्या डोक्याला बसवा, घराण्याचा हात पोरांच्या डोक्यावर राहील.” खरं सांगते, हे ऐकून मला त्यांचा राग नाही आला. त्या फळीवर बसून त्यांनी सासऱ्यांना पोथी वाचून दाखवली असेल. तीच पोथी, जिच्यावर भुंगेरा येऊन बसला.

पण ती फळी सागवान नाही, अक्का. आंबा आहे. वरून रंग दिलेला.

आणि जे बघायला नको होतं ते पुढे दिसलं. अण्णांनी फळी मापात बसवण्यासाठी एका टोकाला कापली होती. ते कापलेलं टोक चौकटीच्या खाचेत फेविकॉलने बसवलं होतं. त्या टोकाला बोगद्याचं तोंड होतं. बोगद्यात ठासलेला भुसा, आणि भुश्याच्या वर वाळलेलं फेविकॉल, आत उतरून घट्ट झालेलं, काचेसारखं. अळीने नंतर पाडलेलं भोक असतं तर फेविकॉल तिने कुरतडलं असतं. इथे फेविकॉल भोकाच्या आत गेलं होतं. म्हणजे अण्णांनी ते लावलं तेव्हा भोक आधीच तिथे होतं. किडा तुमच्या झोपाळ्यातून आला. याहून स्पष्ट पुरावा मी आमच्या संग्रहातसुद्धा पाहिलेला नाही.

आनंदाने मी ओरडणारच होते. मग लक्षात आलं, की ज्याने हे फेविकॉल लावलं त्याला भोक दिसलं असणारच. ब्रश अण्णांच्याच हातात होता.

दुसऱ्या कडेचा पापुद्रा मी नखाने उचलला तर आत एक जिवंत भुंगेरा बसला होता, बाहेर यायला तयार. तुला सांगू, इतकी वर्षं मी त्यांना टाचणीवरच बघितलंय. हा विटकरी तपकिरी होता, अण्णांच्या पॉलिशच्या रंगाचा, आणि मिशा अंगापेक्षा लांब, पाठीवरून मागे वळवलेल्या. बोटात धरला तर मानेजवळचा सांधा घासून च्यूं च्यूं करून ओरडला. मंजुनाथ दोन पावलं मागे सरकला. मी मात्र त्याला बराच वेळ सोडला नाही. एवढी वर्षं अंधारात पीठ खाऊन बाहेर आला आणि पहिली गोष्ट काय केली, तर तक्रार!

अण्णा आल्यावर मी फळी त्यांच्यासमोर ठेवली.

“हे फेविकॉल लावलंत तेव्हा हे भोक इथे होतं.”

त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. “होतं.”

“मग?”

“घासलेट सोडलं होतं आत. वाटलं, मेलं असेल.”

“त्यांना सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? तुमच्या घराण्याचा झोपाळा किडका आहे? पत्रिका वाटून झाल्या होत्या, पवी. मुलीचा बाप व्याह्यांच्या लाकडाला नावं ठेवत नाही.”

“आता ते तुमच्या लाकडाला नावं ठेवतायत.”

“ठेवू देत. लाकडालाच ठेवतायत ना? पोरीला तर नाही ठेवत.”

मग म्हटलं, “म्हणून माझ्यावर ढकलायचं?”

“तुझं काय जातंय त्यात? तू किडेवालीच आहेस. हसतील आणि विसरतील.”

अक्का, अण्णांनी माझ्या पदवीच्या कागदाला सागाची चौकट केली आणि ती घरात न लावता दुकानात लावली, गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून. तेच अण्णा मला म्हणाले, तुझं काय जातंय. मी त्यांना उलट बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की शेवटी ते म्हणाले, “संयूलाही माहीत होतं,” आणि दिवा बंद करून घरी निघून गेले.

तर आता ते लिहिते जे इतका वेळ टाळत होते.

झाकणाला भोकं होती. हे वाक्यात कुठून आलं? आईने माझी बाटली कधी नीट बघितलेली नाही, ती तिच्याजवळून जातानासुद्धा पदर सावरते. अण्णांना ती बाटली लोणच्याची आहे एवढंच माहीत. ती भोकं तुझ्या स्वयंपाकघरात पडली. हळदीकुंकवाच्या दिवशी मी घाईत साधं झाकण लावून आणलं होतं, आणि तू म्हणालीस, “अगं, गुदमरेल ना ते बिचारं,” आणि गॅसवर सुई तापवून झाकणाला भोकं पाडलीस. सुईची भोकं. त्यातून मुंगीसुद्धा निघायची नाही. तुझ्या सासूबाई बाहेर वाण वाटत होत्या आणि आपण दोघी ओट्याशी उभ्या राहून त्या सुरवंटाला पान खाताना बघत होतो. तुझ्या लग्नानंतर तू मला पूर्वीसारखी तेव्हा एकदाच दिसलीस.

तू ते वाक्य आईला फोनवर सांगितलंस. मला माहीत आहे. विचारायची गरज नव्हती.

तू का केलंस तेही मला कळतं. तुझ्यासमोर तीन वाटा होत्या. झोपाळ्याचं नाव घेतलं तर सासूबाई दुखावणार. अण्णांचं नाव घेतलं तर दुकान बुडणार. तुमच्या सोसायटीतल्या दोन घरांनी कपाटं नको म्हणून कळवलंच आहे. उरले मी. मी तुमच्या घरापासून लांब राहते, अविवाहित आहे, किडे पाळते, माझ्यावर काही येऊन आदळणार नाही असं तुला वाटलं. शिवाय माझ्यावर तुझा हक्क आहे. पीयूसी होऊन कॉलेजला न जाता तू थांबलीस, दुकानात बसलीस, म्हणून मी पुढे शिकले. आईने हे शनिवारी पुन्हा ऐकवलं: “ती तुझ्यासाठी थांबली, तुला तिच्यासाठी एक वाक्य बोलता येत नाही?”

नाही येत. तू थांबलीस म्हणूनच नाही येत. तू दुकानात बसून मला जे शिकवलंस ते मी चार लोकांत उभं राहून खोटं सांगायला वापरलं, तर तू कशासाठी थांबली होतीस? दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा दोष मी घेईन. दूध उतू गेलं, कप फुटला, भावोजींच्या गाडीला ओरखडा गेला, सांग, मी कान धरून उभी राहते. पण या भुंगेऱ्याबद्दल नाही. हे एक मला येतं. आपल्या घरात आजवर कुणाला न आलेलं असं हे एकच मला येतं.

आणि समजा, मी म्हटलंच ते वाक्य. मग काय होईल? नवा पलंग येईल, सगळे चहा पितील, आणि झोपाळ्याची टेकायची पाठ तुमच्या देवघराखाली तशीच राहील. तुला आठवतंय का, सासूबाईंनी फळी पलंगाला दिली आणि झोपाळ्याची पाठ देवघराला बैठक म्हणून वापरली? मी हळदीकुंकवाला तिच्यावरच हात टेकून नमस्कार केला होता. तोच रंग होता, तेच लाकूड. एकाच झोपाळ्याचे दोन भाग, वर्षानुवर्षं एकत्र टांगलेले. त्या पाठीतही अळ्या असण्याची खूप शक्यता आहे, आणि यातली मादी घराबाहेर जायची वाट बघत नाही. आजूबाजूला वाळकं लाकूड मिळालं की पुरे. दाराची चौकट, तुझं कपाट, उद्या बाळ आलं तर त्याच्यासाठी काही कराल ते. पुढच्या पावसाळ्यात भुंगेरे पुन्हा निघतील. तेव्हा कुणाची बाटली शोधणार? खोटं बोलून तुला वाटतंय तू घर वाचवतेस. तू फक्त पापुद्रा वाचवतेस.

बघ, पुन्हा मी भाषण द्यायला लागले. तू म्हणतेस तसं, पवीला प्रश्न विचारला की उत्तराऐवजी मोर्चा येतो.

म्हणून मोर्चा बाजूला ठेवून साधं सांगते. रविवारी मी येणार आहे. ते वाक्य म्हणणार नाही. अण्णांनी माझ्या वतीने म्हटलं तर मी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर ते खोडून काढीन. अण्णांचा मान त्याने जाईल असं आईला वाटतं. मला वाटतं तो शुक्रवारी फुटपाथवर गेला आणि तो तिथून उचलून आणायला कुणीतरी हवं. मी सासूबाईंशी नम्रपणेच बोलेन. त्यांचा झोपाळा जाळायची काही गरज नाही, हे आधी सांगेन. लाकूड तापवून आतल्या अळ्या मारता येतात, आमच्या संस्थेत त्याची भट्टी आहे, मी विचारून ठेवलंय. फळी आणि पाठ दोन्ही वाचतील. त्यांच्या मामंजींची आठवण खोट्या वाक्याने राहणार नाही, पण भट्टीने राहील. हे मी त्यांना समजावू शकते. हसतील माझ्या मराठीला, हसोत.

पण हे माझ्या तोंडून येण्यापेक्षा तुझ्या तोंडून यावं असं मला वाटतं. रविवारच्या आधी. मंजुनाथने मला नंतर सांगितलं, फळी बसवली त्या दिवशी तू दुकानात होतीस, तू ते भोक बघितलंस, तूच अण्णांना म्हणालीस, “आत्ता नको, राहू दे.” तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं, तू घाबरली होतीस. आता ते घर तुझंही आहे. तुझ्या घरातल्या देवघराखाली काय आहे ते तू सांगितलंस तर त्याला भांडण म्हणत नाहीत.

नाही सांगितलंस, तरी मी येणार आणि सांगणारच. मात्र तुला माहीत होतं, हे माझ्या तोंडून कधीच जाणार नाही. ते तुझं आहे. बोलायचं की नाही ते तू ठरव.

फळी मी जाळीच्या पिशवीत गुंडाळून माझ्या खोलीत ठेवली आहे. आत अजून एक अळी आहे. दुपारी रस्ता शांत असला की कुरतडण्याचा आवाज येतो. आई दाराशी थांबून ऐकते आणि निघून जाते.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. वाटेत कुणी वाचलं तर वाचू दे. तुझ्या सासूबाईंनी वाचलं तरी माझी हरकत नाही. मग तुझ्यापुढचा प्रश्नच मिटला.

बुधवार, सकाळी

सही करायची राहिली होती म्हणून पत्र टेबलावरच होतं. सकाळी अण्णा खोलीत आले आणि म्हणाले, “काय लिहिलंस एवढं?” मी सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही, ‘ठेवू देत’सुद्धा नाही. ते दारात उभे राहून ऐकत होते. फुटपाथचं आलं तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

संपल्यावर म्हणाले, “आंबा आहे ते तू नको सांगू.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “अण्णा, आता पुन्हा...”

“ऐक गं आधी. लाकडाचं मी सांगतो. सागवान नाही हे सुताराने सांगावं, किड्याचं किडेवालीने.” मग त्यांनी जाळी सोडली, फळी भिंतीला टेकवली, कानामागची पेन्सिल काढली आणि त्या फेविकॉलच्या भोकाभोवती एक गोल काढला. लाकडात खोट सापडली की काढतात तसा. फळीची लांबी वितीने मोजली आणि म्हणाले, “ही ऑटोत मावायची नाही. टेम्पो सांगून ठेव. तोच सांग, शुक्रवारचा. त्याला घर माहीत आहे.”

आई आतून ओरडली, “आणि मी काय म्हणायचं तिथे?” अण्णा म्हणाले, “तू गुडघ्याचं सांग.”

तर रविवारी आम्ही येतोय, फळी घेऊन. बेल वाजली की दार तू उघड, अक्का.

तू भोकं पाडलेलं झाकण अजूनही न बदललेली,
तुझी
पवी